राष्ट्रसभेचें अध्यक्षपद आणि लोकमान्य टिळक

राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, अध्यक्षांची यादी १८८५ सालापासून सुरू होते. तिच्या पहिल्या पस्तीस वर्षांत नारायण गणेश चंदावरकर आहेत (लाहोर, १९००), गोपाळ कृष्ण गोखले आहेत (काशी, १९०५), अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर आहेत (बांकीपूर, १९१२). परंतु बाळ गंगाधर टिळक हें नांव कोठेंही सांपडत नाहीं. ज्या पुरुषास लोकांनीं आपण होऊन लोकमान्य ही पदवी दिली, त्यास आपल्याच सभेच्या खुर्चीवर एक दिवसही बसावयास मिळालें नाहीं, हें वाचून पुष्कळ विद्यार्थ्यांस आश्चर्य वाटेल. टिळकांचें चरित्र आपण सर्वांनीं शाळेच्या पुस्तकांत वाचलेलेंच आहे; शेंगांच्या टरफलांची गोष्ट तर लहान मुलांसही पाठ असते. म्हणून त्या चरित्राची हीच एक बाजू येथें जरा विस्तारानें सांगावयाचें योजिलें आहे, आणि बाकीचें थोडक्यांत आटोपलें आहे.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजीं रत्नागिरीस झाला. वडील गंगाधरपंत शाळाखात्यांत होते. १८६६ सालीं त्यांची बदली पुण्यास झाली आणि दहा वर्षांचा बाळ पुण्यास आला. त्याच वर्षीं त्याची आई निवर्तली व पुढें सहा वर्षांनीं वडीलही गेले. डेक्कन कॉलेजांत त्यानें गणितांत नांव मिळविलें, १८७९ सालीं कायद्याची परीक्षा दिली. परंतु वकिलीची पाटी न लावतां तो विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या बरोबर शाळा काढावयास निघाला. १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल निघालें आणि पुढल्याच वर्षीं केसरी व मराठा हीं दोन पत्रें निघालीं. कोल्हापूरच्या प्रकरणांत टिळक व आगरकर या दोघां मित्रांस १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. नंतर डेक्कन एज्युकेशन सोसायटी, नंतर १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज, आणि अखेर १८९० सालीं त्याच सोसायटीचा राजीनामा. या राजीनाम्यांत, पुढें सबंध आयुष्यभर जो स्वभाव दिसला, तो प्रथम स्पष्ट दिसतो: संस्थेचा नियम एकदां ठरला म्हणजे तो सर्वांनीं अक्षरशः पाळलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह असे, आणि त्या आग्रहापुढें जुनी मैत्रीही टिकत नसे.

त्यांचीं सर्वच मतें आज आपल्यास पटतील असें नाहीं. १८९१ सालीं मुलींच्या विवाहितावस्थेंतील संमतिवय दहावरून बारावर नेण्याचा कायदा आला, तेव्हां परक्या सरकारनें आमच्या घरांत शिरूं नये म्हणून टिळकांनीं त्यास विरोध केला. परकीय सत्तेविषयींचा त्यांचा युक्तिवाद समजतो. पण ज्या अल्पवयी मुलींसाठीं तो कायदा होता, त्यांच्या बाजूनें पाहिलें म्हणजे आगरकर व रानडे यांचेंच म्हणणें खरें होतें असें वाटतें.

निवडणूक म्हणजे काय याचा पहिला अनुभव टिळकांस १८९५ सालीं आला. त्या वर्षीं ते मुंबईच्या कायदेकौन्सिलांत मध्य भागांतील लोकल बोर्डांच्या वतीनें निवडून गेले. आपला पुणें जिल्हा याच भागांत मोडत असे. पण त्या मतदारांत शेतकरी नव्हता कीं मजूर नव्हता. बोर्डांच्या सभासदांच्या हातीं मत होतें, आणि निवडलेल्या मनुष्यास सरकारनें मान्यता द्यावी तेव्हां तो कौन्सिलांत बसे. त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय सभा पुण्यास भरली. टिळक स्वागतमंडळाचे एक चिटणीस होते. परंतु सभेच्या मांडवांत सामाजिक परिषद भरूं द्यावी कीं नाहीं या वादांत त्यांनीं तें काम सोडलें. रानड्यांनीं शेवटीं परिषद दुसरीकडे भरविली आणि तंटा मिटला. मनें मात्र मिटलीं नाहींत.

१८९७ सालीं प्लेगच्या बंदोबस्तांतील जुलमानें पुणें संतापलें होतें. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. ती झाडणारे चापेकर बंधु आपल्या शेजारच्या चिंचवडचे. टिळकांचा त्या कृत्याशीं संबंध सिद्ध झाला नाहीं, तो त्यांच्यावर खटल्यांत ठेवलेलाही नव्हता; केसरींतील लेखांवरून राजद्रोहाचा आरोप ठेवून त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा देण्यांत आली. मॅक्समुल्लरसारख्या पंडितांनीं त्यांच्यासाठीं रदबदली केली आणि एक वर्षानंतर, १८९८ च्या सप्टेंबरांत, त्यांची सुटका झाली. तुरुंगांत गेले तेव्हां ते पुण्याचे पुढारी होते. बाहेर आले तेव्हां सर्व हिंदुस्थानास त्यांचें नांव ठाऊक झालें होतें.

आतां राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष त्या काळीं कसा निवडीत असत तें सांगितलें पाहिजे, कारण पुढील सर्व कलह त्यावरच आहे. सभा दर वर्षीं डिसेंबरांत निराळ्या शहरीं भरे. त्या शहराचें स्वागतमंडळ नांव सुचवी, चार वजनदार पुढारी आपसांत पत्रें लिहून तें पक्कें करीत, आणि अधिवेशनाच्या पहिल्या दिवशीं सूचना, अनुमोदन व टाळ्या होऊन अध्यक्ष खुर्चीवर बसे. मतें मोजण्याचा प्रसंग येत नसे. अध्यक्षपद मागणें हें अशिष्ट समजलें जाई. मान आपण होऊन चालत यावा, अशी समजूत होती. आणखी एक प्रघात असा कीं, ज्या प्रांतांत सभा भरे त्या प्रांताचा मनुष्य अध्यक्ष होत नसे. मुंबईस बंगाली, कलकत्त्यास मुंबईकर, मद्रासेस तिसराच कोणी. प्रघात चांगला होता यांत शंका नाहीं, कारण त्यामुळें लोकांस दूरच्या प्रांतांतील माणसें आपलीं वाटूं लागलीं. पण चांगला प्रघातही एखाद्यास दाराबाहेर ठेवण्याच्या कामीं कसा येतो तें पुढें दिसेलच.

१९०५ सालीं बंगालची फाळणी झाली आणि सभेंत दोन पक्ष उघड दिसूं लागले. अर्जविनंत्यांवर भरंवसा ठेवणारे ते मवाळ, आणि स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण व स्वराज्य या चार गोष्टींवर लोकांस उभें करूं पाहणारे ते जहाल. १९०६ ची सभा कलकत्त्यास भरावयाची होती. बिपिनचंद्र पाल व त्यांच्या मित्रांनीं टिळकांचें नांव पुढें केलें. सुरेंद्रनाथ बानर्जी व भूपेंद्रनाथ बसू यांस तें रुचलें नाहीं. पण उघड विरोध करावा तर तरुण बंगाल खवळलेला. तेव्हां त्यांनीं विलायतेंत असलेल्या दादाभाई नौरोजींस पाचारण केलें. दादाभाईंचें वय तेव्हां ऐक्याऐंशी. या वृद्ध पितामहाविरुद्ध कोण उभा राहणार? टिळकांच्या पक्षानें नांव मागें घेतलें. युक्ति उत्तम साधली. मात्र जहालांनीं खुर्ची सोडली तरी आपलें म्हणणें सोडलें नाहीं, आणि त्याच सभेंत दादाभाईंच्या अध्यक्षतेखालीं ते चारही ठराव मंजूर झाले. त्यांतील दोघांचीं फळें आपल्या भागांतच दिसलीं: तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं पैसाफंडाचा कांचकारखाना निघाला, आणि विजापूरकरांचें समर्थ विद्यालयही तेथेंच येऊन राहिलें. १९१० सालीं सरकारनें तें बंद केलें.

कलकत्त्यास आणखी एक नियम झाला. अध्यक्षाची निवड स्वागतमंडळानें तीन चतुर्थांश बहुमतानें करावी. तसें बहुमत न झाल्यास मध्यवर्ती कमिटीनें निकाल द्यावा. नियम दिसावयास निरुपद्रवी दिसतो. पण तीन चतुर्थांश म्हणजे चौघांपैकीं एकास थोडें अधिक मत मिळालें तरी तो उरलेल्यांस अडवूं शकतो, हें गणिताच्या वर्गांतील कोणताही मुलगा सांगेल. १९०७ ची सभा नागपुरास ठरली होती. नागपूर टिळकांचें, तेथें डॉक्टर मुंजे यांच्यासारखे त्यांचे कडवे अनुयायी. दोन्ही पक्षांनीं स्वागतमंडळांत आपापले सभासद भरावयास आरंभ केला. कोणासच तीन चतुर्थांश मिळेनात. सप्टेंबरांतील बैठक गोंधळांत मोडली. नोव्हेंबरांत सर फिरोजशहा मेथा यांच्या मुंबईच्या बंगल्यावर कमिटीची बैठक झाली आणि सभेचें ठिकाण नागपुराहून सुरतेस हलविण्यांत आलें.

सुरत मुंबई इलाख्यांत. म्हणजे जुन्या प्रघाताप्रमाणें टिळकांचें नांव निघणेंच अशक्य झालें. त्यासाठीं कोणासही त्यांच्याविरुद्ध एक शब्द बोलावा लागला नाहीं. आपल्या निघोज्यास ग्रामपंचायतीची निवडणूक लागते तेव्हां कित्येकदां मतदानाच्या दिवसापेक्षां अर्जांच्या छाननीच्या दिवशींच अधिक गर्दी असते, हें घरच्या वडील मंडळींनीं पाहिलें असेल. निवडणुकीचा निकाल पुष्कळ वेळां मतपेटीपर्यंत पोंचण्याच्या आधींच लागतो.

टिळकांनीं स्वतःचें नांव बाजूस ठेविलें व लाला लजपतराय यांचें सुचविलें. लालाजी त्याच वर्षीं मंडालेच्या हद्दपारींतून सुटून आलेले; त्यांस खुर्ची देणें म्हणजे देशाचा निषेध सरकारास एका कृतीनें कळविणें होय, असा त्यांचा हिशेब. मवाळांनीं मात्र डॉक्टर राशबिहारी घोष यांस अगोदरच ठरविलें होतें, आणि लालाजींनीं कलह नको म्हणून आपलें नांव परत घेतलें. तरीही तंटा मिटला असता. कलकत्त्याचे चार ठराव जसेच्या तसे राहतील एवढें वचन मिळाल्यास घोषांच्या निवडीस विरोध करावयाचा नाहीं, असें जहालांनीं कळविलें होतें. तें वचन मिळालें नाहीं. ठरावांचे मसुदेही अगदीं आयत्या वेळीं हातीं आले.

२६ डिसेंबरास सुरतेच्या मांडवांत सोळाशेंच्या वर प्रतिनिधि जमले. घोषांच्या नांवाची सूचना झाली, अनुमोदनास सुरेंद्रनाथ उभे राहिले आणि ओरडा इतका झाला कीं त्या दिवशीं सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशीं टिळकांनीं स्वागताध्यक्ष मालवी यांस चिठी पाठविली: अनुमोदन झाल्यावर आपणांस तहकुबीची उपसूचना मांडावयाची आहे. चिठीस उत्तर आलें नाहीं. घोष निवडले गेले असें जाहीर झालें व ते भाषणास उठले, तोंच टिळक व्यासपीठावर चढले आणि प्रतिनिधि या नात्यानें बोलण्याचा आपला हक्क मागूं लागले. अध्यक्षांनीं तो नाकारला. ते हाताची घडी घालून तसेच उभे राहिले. स्वयंसेवक त्यांस ओढावयास धांवले, तेव्हां त्यांच्या आड कोण आलें? गोपाळराव गोखले. वीस वर्षांचे प्रतिस्पर्धी. पण दोन्ही हात पसरून त्यांनीं टिळकांच्या अंगावर येणारी गर्दी थोपविली. तेथें हजर असलेल्या नेव्हिन्सन नांवाच्या इंग्रज वार्ताहरानें हा प्रसंग लिहून ठेविला आहे. इतक्यांत गर्दींतून एक दख्खनी जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथांस व फिरोजशहांस लागला. मग खुर्च्या व काठ्या चालल्या. पोलिसांनीं मांडव मोकळा केला.

या प्रसंगीं दोष कोणाचा यावर तेव्हांपासून पुष्कळ शाई खर्च झाली आहे. प्रस्तुत लेखकास असें वाटतें कीं, चिठीस उत्तर न देणें हा मवाळांचा स्पष्ट अन्याय होता. परंतु व्यासपीठावर अडून बसल्यानें काय होईल हें टिळकांसारख्या अनुभवी माणसास कळावयास हवें होतें. हक्क खरा होता, आणि सभाही मोडली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत. असले प्रसंग आपल्याच देशांत घडतात असें नाहीं. पांच वर्षांनीं, १९१२ च्या जूनमध्यें, अमेरिकेंतील रिपब्लिकन पक्षाची परिषद शिकागोस भरली. माजी अध्यक्ष थिओडोर रूझव्हेल्ट व विद्यमान अध्यक्ष टॅफ्ट या दोघांसही पक्षाची उमेदवारी हवी होती. वादग्रस्त प्रतिनिधींपैकीं बहुतेक जागा पक्षाच्या कमिटीनें टॅफ्टच्या पारड्यांत टाकल्या. रूझव्हेल्ट बाहेर पडला, त्यानें नवा पक्ष काढला आणि त्या फुटीमुळें निवडणूक तिसऱ्याच पक्षाच्या विल्सननें जिंकली. सुरतेच्या फुटीचा लाभही तिसऱ्यासच, म्हणजे सरकारास, झाला.

१९०८ च्या एप्रिलांत मवाळांनीं अलाहाबादेस सभेची नवी घटना केली. प्रत्येक प्रतिनिधीनें सभेच्या ध्येयावर सही करावी ही एक अट; आणि प्रतिनिधि निवडण्याचा अधिकार काँग्रेस कमिट्यांस व त्यांनीं मान्य केलेल्या संस्थांसच असावा ही दुसरी. पहिली अट टिळकांस फारशी जड नव्हती. खरी अडचण दुसरीची, कारण पूर्वीं गांवोगांवच्या जाहीर सभा प्रतिनिधि पाठवीत, तो दरवाजाच बंद झाला. जहाल मनुष्य लोकांत कितीही प्रिय असो, त्यास अध्यक्षपद तर राहोच, मांडवांत साधें आसनही मिळण्याचा मार्ग उरला नाहीं. परिणाम असा झाला कीं, सभा सुरळीत चालली आणि रिकामी पडत गेली. १९०९ च्या लाहोरच्या व १९१२ च्या बांकीपूरच्या अधिवेशनांस अडीचशें प्रतिनिधिही जमले नाहींत.

टिळक तेव्हां फार दूर होते. मुझफ्फरपूरच्या बाँबप्रकरणावर केसरींत लिहिलेल्या लेखांबद्दल त्यांस २४ जून १९०८ रोजीं पकडलें, आणि २२ जुलैच्या रात्रीं न्यायमूर्ति दावर यांनीं सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. मुंबईच्या गिरणीकामगारांनीं या शिक्षेच्या निषेधार्थ सहा दिवस काम बंद ठेविलें. त्या मजुरांस कोणत्याही निवडणुकींत मत नव्हतें. मंडालेच्या लांकडी कोठडींत टिळकांनीं गीतारहस्य लिहिलें. तेथें असतांनाच १९१२ सालीं त्यांची पत्नी सत्यभामाबाई पुण्यास वारली, आणि ती बातमी त्यांस तारेनें कळली.

१९१४ च्या जूनमध्यें ते परत आले. वय सत्तावन्न, मधुमेह जडलेला, आणि राष्ट्रीय सभेचें दार अजून बंद. १९१५ सालीं फेब्रुवारींत गोखले व नोव्हेंबरांत फिरोजशहा मेथा हे दोघेही निवर्तले. गोखल्यांच्या चितेपाशीं टिळकांनीं केलेलें भाषण ज्यांनीं ऐकलें त्यांस जुना वाद आठवलाही नसेल. त्याच डिसेंबरांत मुंबईच्या सभेनें घटना दुरुस्त केली: सनदशीर मार्गानें स्वराज्य मिळविणें हा ज्यांचा एक हेतु आहे आणि ज्यांस स्थापन होऊन निदान दोन वर्षें झालीं आहेत, अशा संस्थांनीं भरविलेल्या जाहीर सभांसही प्रतिनिधि निवडतां यावे. एका वाक्याचा फेरफार. पण त्या वाक्यानें आठ वर्षांचा अडसर निघाला. १९१६ सालीं लखनौस दोन हजारांवर प्रतिनिधि आले, त्यांत टिळक होते. तेथील तरुणांनीं त्यांच्या गाडीचे घोडे सोडून ती स्वतः ओढली. अध्यक्षस्थानीं अंबिकाचरण मुजुमदार होते. पण मुस्लिम लीगशीं त्या वर्षीं जो करार झाला, त्यास मान्यता मिळवून देण्यांत टिळकांचा हात मोठा होता. पुढल्या वर्षीं कलकत्त्याच्या अध्यक्षपदासाठीं त्यांनीं ॲनी बेझंट बाईंच्या नांवाचा पुरस्कार केला, आणि त्या निवडून आल्या.

अखेर १९१८ सालीं दिल्लीच्या अधिवेशनासाठीं अध्यक्ष म्हणून टिळकांचीच निवड झाली. या खेपेस नियमाची आडकाठी नव्हती, प्रांताची नव्हती, कमिटीची नव्हती. आडवा आला तो त्यांनीं स्वतः लावलेला खटला. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज ग्रंथकारानें आपल्या पुस्तकांत टिळकांस हिंदी असंतोषाचा जनक ठरवून त्यांच्यावर अत्याचारांचा ठपका ठेविला होता. त्यावर त्यांनीं विलायतेंत अब्रूनुकसानीची फिर्याद केली होती. तिच्यासाठीं ते सप्टेंबरांत जहाजावर चढले. दिल्लीस त्यांच्या जागीं मदनमोहन मालवीय बसले. आणि १९१९ च्या फेब्रुवारींत लंडनच्या कोर्टांत खटल्याचा निकाल टिळकांच्या विरुद्ध लागला. खुर्ची गेली, खटलाही गेला, खर्चाचा डोंगर अंगावर आला. तो लोकांनीं वर्गणी करून फेडला. टिळकांनीं मात्र तेथील मुक्काम फुकट दवडला नाहीं. मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशीं त्यांनीं स्नेह जोडला, कारण पुढेंमागें तोच पक्ष राज्यावर येईल असा त्यांचा अंदाज होता, व तो १९२४ सालीं खरा ठरला.

आज त्याच काँग्रेसमध्यें अध्यक्षपदासाठीं रीतसर अर्ज भरावा लागतो व त्यावर दहा प्रतिनिधींच्या सह्या लागतात. २०२२ सालच्या निवडणुकींत तीन उमेदवारांचे अर्ज आले होते, के. एन. त्रिपाठी यांचा सह्यांच्या तपासणींत बाद झाला, आणि उरलेल्या दोघांत मल्लिकार्जुन खर्गे यांस ७,८९७ व शशी थरूर यांस १,०७२ मतें पडलीं. मतें मोजून आंकडे जाहीर होतात, ही गोष्ट टिळकांस नक्कीच आवडली असती.

विलायतेहून ते १९१९ च्या नोव्हेंबरांत परत आले. १९२० च्या एप्रिलांत त्यांनीं काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्ष काढला व नव्या कायद्याखालच्या निवडणुकांची तयारी मांडली. त्या निवडणुका पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. १ ऑगस्ट १९२० रोजीं मुंबईच्या सरदारगृहांत त्यांचें देहावसान झालें. सप्टेंबरांत कलकत्त्यास राष्ट्रीय सभेचें खास अधिवेशन भरलें, तेव्हां अध्यक्षस्थानीं लाला लजपतराय होते. डिसेंबरांत सभा नागपुरास भरावयाची होती, तेरा वर्षांपूर्वीं जेथून ती हलविली गेली त्याच नागपुरास. मुंज्यांनीं अध्यक्षपदासाठीं पाँडिचेरीस अरविंद घोषांकडे विचारणा केली. त्यांनीं नकार कळविला, आणि खुर्चीवर मद्रासकडचे विजयराघवाचार्य बसले. त्या अधिवेशनांत सभेची घटना पुन्हा नव्यानें लिहिण्यांत आली, आणि चार आणे भरून ध्येय मान्य करणाऱ्या कोणाही प्रौढ स्त्रीपुरुषास सभासद होण्याची मोकळीक मिळाली.